कोंबडी भिंतीला चोच का मारते

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या बाजूला निघाली की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. जवळ एसटीचं आगार, लगत उल्हासनगर, आणि मधून वालधुनी. तिला नदी म्हणायचं, पण पाण्याचा रंग बघितला की जीभ अडखळते. इथल्या चाळींच्या मागच्या बोळांत, पाण्याच्या टाक्यांच्या आडोशाला अजूनही कोंबड्या फिरतात. चार-पाच, फार तर दहा. त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिलात तर एक गोष्ट दिसेल. दाणे टिपता टिपता कोंबडी मध्येच थांबते आणि भिंतीला चोच मारते. कुठेही नाही, जिथे पोपडे सुटलेत तिथेच. घरातलं कोणीतरी तिला हुसकावतं. भिंत आधीच पडायला आलेली, त्यात ही.

ती रंग खात नाही. ती चुना शोधते आहे. हा शोध बराच जुना आहे, आणि त्याचा इतिहास लिहायचा तर कोकणातल्या चुन्याच्या भट्ट्या, पॅरिसमधला एक रसायनशास्त्रज्ञ आणि मरून गेलेला एक डायनासोर, असं सगळं एका टोपलीत घ्यावं लागतं.

आधी एक साधा हिशेब. अंड्याचं टरफल पाच-सहा ग्रॅमचं असतं, गावरान कोंबडीचं थोडं कमी. त्यातला जवळजवळ ९५ टक्के भाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडू, शिंपला, संगमरवर यांच्यात असतो तोच पदार्थ. त्यातलं निव्वळ कॅल्शियम काढलं तर एका अंड्यामागे साधारण २ ग्रॅम. आता ठाणे जिल्ह्यातली परसातली कोंबडी काय खाते? तांदळाची कणी, कोंडा, उरलेला भात. १०० ग्रॅम तांदळात कॅल्शियम असतं सुमारे १० मिलिग्रॅम. म्हणजे नुसत्या तांदळावर एका अंड्याचं टरफल उभं करायचं तर कोंबडीला २० किलो तांदूळ खावा लागेल. नाचणी बरी, तिच्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण तीही अर्धा किलोच्या वर लागेल. कोंबडीचं दिवसाचं एकूण खाणं १०० ग्रॅमच्या आगेमागे. शिवाय खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्मंच अंगी लागतं.

तरीही ती अंडी घालते, पिढ्यान् पिढ्या घालत आली आहे. मग टरफल येतं कुठून?

पॅरिसची कोंबडी आणि ओट

हाच प्रश्न लुई निकोला वोकलँ यांना पडला होता. वोकलँ साधा माणूस नव्हता. क्रोमियम आणि बेरिलियम ही मूलद्रव्यं शोधण्याचं श्रेय त्यांच्या नावावर आहे. १७९९ मध्ये त्यांनी एका कोंबडीला दहा दिवस फक्त ओट खायला घातले. ओटात चुना किती, हे आधी तपासून ठेवलं. दहा दिवसांत कोंबडीनं चार अंडी घातली. टरफलांतला आणि विष्ठेतला चुना मोजला, तर तो ओटातल्या चुन्यापेक्षा कितीतरी जास्त भरला. वजाबाकी जुळेना. वोकलँना वाटलं, कोंबडीच्या पोटात चुना तयार होत असावा.

वजनकाट्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसानं असा निष्कर्ष काढावा याचं हसू येतं, पण त्या काळात तो इतका वेडगळ नव्हता. मूलद्रव्य म्हणजे नेमकं काय, हेच तेव्हा नुकतं ठरत होतं. वेडगळपणा केला तो पुढच्यांनी. विसाव्या शतकात लुई केरव्राँ नावाच्या फ्रेंच माणसानं वोकलँचा प्रयोग उकरून काढला आणि कोंबडी पोटॅशियमपासून कॅल्शियम बनवते, म्हणजे तिच्या पोटात अणूच बदलतात, असा सिद्धांत मांडला. १९९३ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे हसवणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं ते खट्याळ पारितोषिक, त्यांच्या वाट्याला आलं. हा सिद्धांत आजही इंटरनेटवर अधूनमधून डोकं वर काढतो. तुमच्या फोनवर आला तर ओळखा.

गंमत म्हणजे खरं उत्तराचं टोक वोकलँच्या आठ वर्षं आधीच लंडनमध्ये सापडलेलं होतं. जॉर्ज फोर्डाइस या डॉक्टरनं १७९१ मध्ये अन्नपचनावर एक पुस्तक लिहिलं. त्यात कॅनरी पक्ष्यांवरचा प्रयोग आहे. अंड्यावर आलेल्या काही माद्यांना दाण्यासोबत चुन्याची माती दिली, काहींना दिली नाही. न दिलेल्यांतल्या बऱ्याच आजारी पडल्या, मेल्या. दिलेल्या ठीक राहिल्या. आहारशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या तुलनात्मक प्रयोगांत याची गणना होते. पुढे १८४२ मध्ये चार्ल्स शोसा यांनी कबुतरांना केवळ गहू आणि पाणी दिलं, तर त्यांची हाडं ठिसूळ होऊन मोडायला लागली. त्यातच कॅल्शियम कार्बोनेट मिसळलं, की हाडं शाबूत.

म्हणजे वोकलँची वजाबाकी बरोबर होती, फक्त एक खातं हिशेबातून सुटलं होतं. चुना कोंबडीच्या हाडांतून आला होता. त्या दहा दिवसांत कोंबडी आतून झिजत होती, आणि वरून चार चांगली अंडी देत होती.

हाडातली तिजोरी

हे कसं होतं ते कळायला १९३४ साल उजाडावं लागलं. काइज आणि पॉटर या अमेरिकी संशोधकांना कबुतराच्या मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळंच हाड सापडलं. नराच्या हाडात ते नव्हतं. मादीत अंडी घालण्याच्या आधी ते तयार होतं, अंड्यांचा काळ संपला की विरघळून जातं. त्याला मज्जास्थी म्हणू. कोंबडीतही तेच. पहिलं अंडं येण्याच्या साधारण दोन आठवडे आधी तिच्या पायांच्या हाडांत हा साठा भरायला लागतो. ही तिची तिजोरी.

तिजोरी लागते, कारण कोंबडीचं टरफल रात्री बनतं. अंडं गर्भाशयात सुमारे २० तास असतं, आणि टरफल चढण्याचा बराचसा काळ अंधारात जातो. तेव्हा ती खात नसते. पोटात चुना शिल्लक असेल तर तो वापरला जातो, नसेल तर हाडातला काढला जातो. सकाळी उठून तो परत भरायचा. भरायला काही मिळालं नाही तर मज्जास्थीनंतर पाळी येते खऱ्या हाडांची, ज्यांच्यावर ती उभी असते.

इथे तो डायनासोर. २००५ मध्ये मेरी श्वाइट्झर आणि सहकाऱ्यांनी मोंटानात सापडलेल्या एका टिरॅनोसॉरस रेक्सच्या मांडीच्या हाडात अशीच मज्जास्थी दिसल्याचं जाहीर केलं. त्यावरून ती मादी होती, आणि मेली तेव्हा अंड्यांवर होती, असं म्हणता आलं. जवळजवळ ७ कोटी वर्षांपूर्वीची टी-रेक्स आणि विठ्ठलवाडीच्या बोळातली कोंबडी, दोघींची अडचण एकच आणि त्यावर काढलेली तोडही एकच. मला कोंबडीबद्दल आदर वाटायला लागला तो इथून.

कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात मिळून कॅल्शियम असतं साधारण २० ग्रॅम. म्हणजे दहा अंड्यांचं. बाहेरून काहीच मिळालं नाही तर दहा अंड्यांत ती संपायला हवी. तशी ती संपत नाही, कारण त्याआधीच टरफल पातळ होतं, मग मऊ पापुद्र्याचं अंडं येतं, मग अंडी थांबतात. ‘कोंबडी बसली’, ‘लंगडते’, ‘हिला काहीतरी झालंय’ असं घरात म्हणतात तोवर बरंच होऊन गेलेलं असतं.

कोकणात चुना समुद्रातून यायचा

आता परसाकडे येऊ. परसातल्या कोंबडीला शेकडो वर्षं कोणी कॅल्शियम ‘दिलं’ नाही, तिनं ते जागेकडून घेतलं. आणि आपली जागा याबाबतीत काहीशी कंजूष आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा. चुनखडीचे मोठे साठे पार तिकडे चंद्रपूर-यवतमाळकडे. देशावरच्या काळ्या मातीत निदान चुनखडीचे खडे सापडतात, कोंबडी ते टिपते. कोकणात दरसाल अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, मातीतला चुना धुऊन खाडीत नेतो. तांबडी माती उरते ती आंबट आणि चुन्याला गरीब.

खाडीत गेलेला चुना मात्र वाया जात नाही. तिसऱ्या, खुबे, कालवं तो पाण्यातून उचलून आपल्या पाठीवर चढवतात. म्हणून कोकणपट्टीत चुना म्हणजे शिंपल्यांचा चुना. शिंपले गोळा करायचे, भट्टीत भाजायचे, पाणी मारून विरवायचे. मुंबईच्या बांधकामांना हाच चुना लागला. हार्बर लाइनवरचं चुनाभट्टी स्टेशन तुम्ही ओलांडत असाल, ते नाव अशा भट्ट्यांवरून पडलं आहे. कल्याण तर खाडीच्या मुखाशी जोडलेलं जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी भेटतात. भरतीचं पाणी अजून तिथवर येतं.

तर असा हा शिंपला भट्टीतून भिंतीवर जातो. दिवाळीच्या आधी घराला चुन्याचा हात मारायची पद्धत होती, डिस्टेंपर यायच्या आधीची. आणि इथे रसायनशास्त्र फार सुंदर वागतं. शिंपला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी मारून तो भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे जुनी सफेदी केलेली भिंत ही रासायनिकदृष्ट्या परत शिंपलाच. कोंबडी तिला चोच मारायची तेव्हा ती अडाणीपणा करत नव्हती.

बाकीचं ती इकडून तिकडून जमवायची. पावसात निघणाऱ्या गोगलगायी. मासळी साफ केल्यावर उकिरड्यावर पडलेले काटे, तिसऱ्यांची टरफलं. चुलीतली राख. तिनं स्वतःच घातलेल्या अंड्याची टरफलं, कारण अंडं बहुधा घरातच खाल्लं जायचं. गोगलगायींचं महत्त्व किती, ते युरोपातल्या एका अभ्यासातून कळतं. नेदरलँड्समधल्या जंगलांत आम्लपर्जन्यामुळे मातीतला चुना कमी झाला, गोगलगायी कमी झाल्या आणि तिथल्या छोट्या रानपक्ष्यांच्या अंड्यांची टरफलं बिघडायला लागली. खायला पुरेसं होतं, चुना नव्हता. ग्राव्हलँड आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हे छापलं. पक्ष्यांच्या आवाक्यात गोगलगायींचे शंख आणि कोंबडीच्या अंड्यांच्या टरफलांचे तुकडे ठेवल्यावर अंडी सुधारली.

कोंबडीला चुन्याची भूक वेगळी कळते का, हाही प्रश्न संशोधकांनी सोडवलेला आहे. ह्यूज आणि वुड-गश यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की कळते. कॅल्शियमची कमतरता असलेली कोंबडी कॅल्शियमवालं खाद्य निवडून खाते. तहान लागावी तशी ती ओढ असते. आपल्याकडच्या आज्यांना हे सांगायला कोणी नियतकालिक लागलं नसतं, त्यांनी भिंतीचे पोपडे बघितले होते.

खुडूक म्हणजे सुट्टी

गावरान कोंबडीचं आणखी एक शहाणपण आहे, ज्याला आपण आळस म्हणत आलो. ती बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. २१ दिवस उबवते, मग पिल्लांना घेऊन दोन-तीन महिने हिंडते. या काळात अंडी नाहीत. घरधन्याला वाटतं नुकसान. कोंबडीच्या हाडांच्या दृष्टीनं बघा. अंड्यांवर असताना तिचं शरीर खरं, भार पेलणारं हाड बांधायचं जवळपास थांबवतं. सगळं मज्जास्थीला आणि टरफलाला. अंडी थांबली की हाडांची डागडुजी परत सुरू होते. खुडूक म्हणजे तिची हाडं भरण्याची सुट्टी. वर्षाला ५०-७० अंडी, मध्ये तीन-चार सुट्ट्या. गोगलगायी, राख आणि भिंत एवढ्यावर हे भागायचं.

मग माणसानं सुट्टी रद्द केली. खुडूक मोडायला पाण्यात बुचकळणं हा घरगुती उपाय झाला. खरा उपाय झाला निवडीचा. खुडूक न होणाऱ्या कोंबड्यांची पैदास करत करत व्हाइट लेगहॉर्नसारख्या जाती वर्षाला ३०० च्या वर अंडी द्यायला लागल्या. ३०० अंडी गुणिले २ ग्रॅम, म्हणजे ६०० ग्रॅम कॅल्शियम. स्वतःच्या सांगाड्याच्या तीस पट, एका वर्षात.

दुसरीकडे तिला जमिनीवरून उचललं. यात मधली अडचण ऊन होती. कोंबड्या खिडकीबंद खुराड्यात ठेवल्या तर पाय लुळे पडायचे, कारण चुना असूनही तो अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते उन्हात बनतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याला चालत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीनबॉक, हार्ट वगैरे मंडळींनी अतिनील किरणांचा हा सगळा उलगडा केला. ड जीवनसत्त्व खाद्यातून देता येऊ लागलं आणि कोंबडीला उन्हाची गरज उरली नाही. कुक्कुटपालनाचा उद्योग ज्या काही शोधांवर उभा आहे त्यातला हा एक. १९५० च्या दशकात पिंजऱ्यातल्या कोंबड्या अचानक पायांतून जाऊन पडायला लागल्या, तेव्हा त्या आजाराला ‘पिंजऱ्यातला थकवा’ अशा अर्थाचं नाव मिळालं. थकवा कसला, हाडं रिकामी झाली होती.

उद्योगानं यावर उत्तर शोधलं आणि ते चांगलं शोधलं, हे मान्य करायला हवं. आज अंड्यांच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, चुनखडीची भुकटी आणि शिंपल्याची भरड घालून. आपल्या राज्यात पुणे हे या उद्योगाचं मोठं केंद्र. वेंकटेश्वरा हॅचरीज १९७१ ची. ‘संडे हो या मंडे’वाली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ ची. फार्मवरच्या कोंबडीला चुना मोजून मिळतो. त्या पिंजऱ्याबद्दल माझं मत फार बरं नाही, पण तो विषय वेगळा.

सुधारलेली कोंबडी, न सुधारलेलं परस

खरा घोळ परसात झाला. परसातील कुक्कुटपालनासाठी सुधारित जाती आल्या. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादच्या केंद्राची वनराजा. रंगीत पिसं, दणकट बांधा, परसात वर्षाला शंभरच्या वर अंडी. गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, पुण्यात खडकीला राज्याचं अंडी उबवणी केंद्र आहे. अशा ठिकाणांहून पिल्लं गावोगाव आणि शहरांच्या कडेपर्यंत पोचतात. योजना वाईट नाही. अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतात, ही छोटी गोष्ट नव्हे.

पण हिशेब बघा. अंडी दुप्पट झाली, म्हणजे चुन्याची गरजही दुप्पट. आणि परसातला चुना? भिंतीला आता डिस्टेंपर किंवा ऑइलपेंट. जमिनीवर फरशी नाहीतर काँक्रीट. चुलीऐवजी गॅस, म्हणून राख नाही. विठ्ठलवाडीच्या आसपासचा भाग तर दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणीचा झाला. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. मग कारखाने आले. गोगलगायी शोधायच्या कुठे? वालधुनीच्या काठावर शिंपले वेचायला कोणी उतरेल असं वाटत नाही, आणि उतरू नये.

एक गळती अजून आहे, जी सहसा लक्षात येत नाही. अंडं घरात खाल्लं तर टरफल उकिरड्यावर पडतं आणि कोंबडीकडे परत जातं. अंडं विकलं तर टरफलही गेलं. गावरान अंड्याला शहरात जास्त भाव आहे, त्यामुळे ती आता विकलीच जातात. १०० अंडी विकली की जवळजवळ अर्धा किलो टरफल परसातून बाहेर गेलं. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरची टरफलं ठाणे-डोंबिवलीच्या कचऱ्याच्या डब्यांत पडतात, आणि तिथून थेट डंपिंगवर. माती, गोगलगाय, कोंबडी, अंडं, परत माती असा जो फेरा होता, तो बाजारात तुटला.

म्हणून आता चुना हातानं द्यायला हवा. यात अवघड काही नाही, पण काही गोष्टी नेमक्या करायला लागतात.

पहिली म्हणजे खडे आणि चुना यांत गल्लत नको. कोंबडीला दात नाहीत. कलेजी-पेठ्यातला जो पेठा, त्या स्नायूच्या पिशवीत ती खडे ठेवते आणि दाणे दळते. त्यासाठीचे खडे कठीण हवेत, न विरघळणारे, नदीतल्या जाड वाळूसारखे. टरफलासाठीचा चुना विरघळणारा हवा. ‘आमच्या कोंबड्या वाळू खातात की’ असं म्हणून भागत नाही. वाळूनं दळण होईल, टरफल होणार नाही.

दुसरी, चुन्याची निवळी. बाळांना, गुरांना देतात तशी कोंबड्यांच्या पाण्यातही घालतात. पाण्यात विरवलेला चुना फारसा विरघळत नाही. एका लिटर स्वच्छ निवळीत कॅल्शियम असतं ग्रॅमभरापेक्षा थोडं कमी. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. म्हणजे दिवसाला साधारण ०.२ ग्रॅम, एका अंड्याच्या गरजेचा दहावा भाग. निवळीवर विसंबून राहू नये. आणि कळीचा चुना किंवा पानाचा चुना तसाच खायला देऊ नये, तो तोंड-अन्ननलिका भाजतो. सिमेंटचे पोपडे आणि जुना ऑइलपेंट यांच्यापासूनही तिला लांब ठेवावं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

मग द्यायचं काय? शिंपल्याची भरड. खाद्याच्या दुकानात मिळते, पण कल्याण-डोंबिवलीत ती स्वयंपाकघरातही मिळते. बाजारातून किलोभर तिसऱ्या आणल्या तर निम्म्याहून जास्त वजन टरफलांचंच असतं आणि ते आपण फेकून देतो. कालवण झाल्यावर ती धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, खलबत्त्यात ठेचायची. पीठ करायचं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवायचे, धारदार कड राहिली असेल तर अजून एकदा ठेचायचं. भुकटी पोटातून लगेच निघून जाते. तुकडा पेठ्यात रात्रभर राहतो, हळूहळू विरघळत राहतो, आणि टरफलाचं काम रात्रीच चालतं हे वर आलंच. म्हणून द्यायची वेळ दुपारनंतरची, कोंबड्या खुराड्यात जायच्या आधी.

अंड्यांची टरफलंही चालतात. तव्यावर कोरडी भाजायची म्हणजे जंतू मरतात, आणि अंड्याचा आकार ओळखू येणार नाही इतकी बारीक चुरायची. अर्धं टरफल तसंच टाकलं तर कोंबडीला अंडं फोडायची चटक लागू शकते, आणि ती चटक मोडणं फार जिकिरीचं. पण सगळी टरफलं परत दिली तरी तेवढ्यानं पुरणार नाही, कारण निम्मंच अंगी लागतं. बाहेरून भर हवीच.

आणि वाटी वेगळी. खाद्यात कालवून द्यायचं नाही. परसात सगळे एकत्र खातात, कोंबडा, पिल्लं, अंड्यावर न आलेल्या तलंगा. त्यांना एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरतं. अंड्यांच्या कोंबडीचं प्रमाण पिल्लांना सतत मिळालं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. वेगळी वाटी ठेवली की ज्या कोंबडीला हवं ती येऊन खाते, नको तेव्हा बघतही नाही. उद्या अंडं द्यायचं आहे की नाही हे तिला आपल्यापेक्षा नीट कळतं.

ऊन मात्र वाटीत घालता येत नाही. चाळींच्या मधल्या बोळात, जिथे दोन्ही बाजूंना चार-चार मजले चढले आहेत, तिथे दिवसातून तासभर तरी ऊन कुठे पडतं ते बघून खुराडं तिकडे सरकवावं. पावसाळ्यात तेही मिळत नाही. जून ते सप्टेंबर कोकणात टरफलं पातळ झाली तर चुन्याच्या वाटीआधी आकाशाकडे बघा. त्या चार महिन्यांत ड जीवनसत्त्वाबद्दल जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायला हरकत नाही. कोंबडी घेऊन गेलात तरी चालतं, ते कोंबड्याही बघतात.